टिकी कॉकटेल : सूत्र मालकाचे, हात नोकराचे

घरच्या घरी टिकी कॉकटेल बनवण्याचे व्हिडिओ आता आपल्या पोरांच्या मोबाइलवरही फिरतात. अननस, लिंबू, दोन-तीन तऱ्हेच्या रम, कुटलेला बर्फ आणि देवाच्या तोंडाचा मातीचा मग. चळवळीतले काही जण नाक मुरडतात, हा आपला विषय नाही म्हणतात. मला वाटते हा आपलाच विषय आहे, फक्त व्हिडिओत सांगतात तो नव्हे.

1933 च्या अखेरीस अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्यानंतर लगेच अर्नेस्ट गँट नावाच्या माणसाने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकॉम्बर’ हा बार थाटला. पुढे त्याने स्वतःचे नावही डॉन बीच करून घेतले. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनने, म्हणजे ‘ट्रेडर विक’ने, 1944 साली माय ताय आपणच शोधल्याचा दावा केला. टिकीचा इतिहास म्हणून ही दोन गोऱ्या मालकांची नावे सांगितली जातात. डॉनच्या बारमध्ये पेले भरणारे हात मात्र फिलिपिनो होते.

फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत होती. तिथला माणूस अमेरिकेत येऊन राबू शकत होता, पण त्याला सहसा नागरिकत्व मिळत नव्हते. 1930 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये गोऱ्या जमावाने फिलिपिनो शेतमजुरांवर हल्ले केले. 1933 मध्ये त्याच राज्याने गोऱ्यांशी त्यांचे लग्न कायद्याने बंद केले. तीनच वर्षांनी बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे मांडले. वर्चस्वाला लग्नाची भीती का वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता खरी गोष्ट. डॉनने आपली सूत्रे बारवाल्यांपासूनच लपवली. बाटल्यांवर घटक लिहिलेले नसायचे. ‘डॉन्स मिक्स’, ‘स्पाइसेस नंबर 4’ अशी सांकेतिक नावे असायची. हा अमुक, तो तमुक इतके थेंब घाल, एवढेच कामगाराला सांगायचे. डिक सँटियागो या फिलिपिनो कामगाराची 1937 ची वही पुढे जेफ बेरी या संशोधकाच्या हाती लागली, तर तिच्यातही तेच आकडे. बेरीला जुन्या कामगारांना विचारत ते उकलावे लागले. झॉम्बीतले ते महागूढ डॉन्स मिक्स म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक! एवढ्यासाठी सगळा मंत्र-तंत्र.

कुणी म्हणेल, ही धंद्याची गुपिते, प्रतिस्पर्धी कामगार पळवायचे म्हणून ठेवलेली. मान्य. याला जातिव्यवस्था म्हणता येणार नाही. तिथला कामगार निदान बाहेर पडू शकत होता. डॉनकडे सुरुवातीला काम केलेल्या रे बुहेन या फिलिपिनोने 1961 साली लॉस एंजेलिसमध्ये ‘टिकी-टी’ हा स्वतःचा बार काढला आणि त्याचे कुटुंब तो चालवत राहिले. आपल्याकडे जन्मालाच कुलूप होते. पण श्रम एकाचे आणि सूत्र दुसऱ्याचे, ही रीत ओळखीची वाटत नाही का?

मगावरच्या त्या तोंडाचेही बघा. पॉलिनेशियन लोकांनी लाकडात-दगडात कोरलेल्या देवांच्या आणि पूर्वजांच्या प्रतिमा आहेत त्या. माओरींच्या काही कथांत टिकी हा पहिला माणूस. हॉटेलवाल्याने बारच्या कोपऱ्यात बुद्धमूर्ती शोभेला ठेवली की आपण चिडतो, आणि योग्यच चिडतो. मग दुसऱ्याच्या पूर्वजाच्या डोक्यात स्ट्रॉ खुपसून फोटो कसा काढायचा? साधा काचेचा ग्लास पुरतो.

राहिली रम. उच्चभ्रूंनी प्यायली की कॉकटेल आणि वस्तीत प्यायली की व्यसन, हा ढोंगीपणा मोडलाच पाहिजे. पण तो मोडण्यासाठी आपण पिण्याची गरज नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही आहे. ‘दारू म्हणजे आधुनिकता’ असे सांगणाऱ्या मित्रांना माझा सरळ विरोध आहे. रमशिवाय ते टिकी उरत नाही म्हणणारे म्हणोत. आंबट, गोड, कडवट आणि मसाल्याचा वास यांचा मेळ हे त्यातले खरे कसब, आणि ते फळांत आहे.

करून बघा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी आणि दालचिनीच्या तीन काड्या उकळा, झाकून गार होऊ द्या, गाळा. या पाकाच्या दुप्पट ग्रेपफ्रूटचा रस त्यात मिसळा. ग्रेपफ्रूट नसेल तर पपनस घ्या, थोडे लिंबू वाढवा. बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक फोडा. ग्लासात 60 मिली अननसाचा रस, 30 मिली हे मिश्रण, 15 मिली लिंबाचा रस, चमचाभर बदामाचे सरबत, वर बर्फ आणि सोडा. शेवटी जायफळ किसा.

उरलेले मिश्रण फ्रिजमध्ये ठेवताना बाटलीवर चिठ्ठी लावा : ग्रेपफ्रूट दोन, दालचिनीचा पाक एक.

जयभीम!