एकरी भावाच्या पलीकडे
गावाकडे जमीन घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘एकरी काय भाव?’ त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि दलालाचे टक्के मिळवले की हिशेब संपला, असं शहरातला माणूस धरून चालतो. (तो शेतकरी नसेल तर 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 त्याला दारातच अडवतं, दलाल हे सहसा शेवटी सांगतो.) खरा खर्च पुढेच आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीस अयोग्य क्षेत्र) किती, हे न बघता पूर्ण क्षेत्राचे पैसे मोजले जातात. मोजणी आणली की शेजाऱ्याचा बांध आत सरकलेला निघतो. आणि रस्ता! वहिवाटीची वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज, मग स्थळपाहणी, हरकती, अपील. तोवर आपला ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या मर्जीवर. विहिरीतला हिस्सा, वीजजोडणी, कुंपण हे त्यानंतरचं. भावात फार सवलत मिळत असेल तर आधी वाटेचीच चौकशी करावी. इसार देण्यापूर्वी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा, आणि भर पावसात एकदा त्या शेतापर्यंत गाडी नेऊन बघा.