दिवा गप्प आहे, म्हणजे ब्रेक आहे?

गाडी शिकताना मला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं. चढावर गाडी मागे न जाऊ देता कशी उचलायची ते शिकवलं. लायसन्सच्या टेस्टला हाताच्या खुणा विचारल्या, रिव्हर्स घ्यायला लावला. पण ज्या पेडलवर पाय ठेवला की हजार किलोचं धूड थांबतं, त्याच्या पलीकडे काय असतं, ते झिजतं का आणि झिजलं तर कसं कळतं, हे कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही विचारलं होतं?

मला ते कळलं गेल्या पावसाळ्यात, आणि तेही उशिरानं. पाटणला आजीला भेटून आम्ही चिपळूणला परत येत होतो. कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या चाकातून किर्र किर्र आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, “पाणी गेलं असेल, पावसाचं होतं असं.” मी काय केलं? गाण्याचा आवाज वाढवला. पोफळी येईपर्यंत त्या आवाजाकडे आम्ही सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी चाक काढलं आणि मला हाक मारली. “ताई, हे बघा.” डाव्या चाकाचा आतल्या बाजूचा ब्रेक पॅड संपला होता. म्हणजे अक्षरशः संपला होता. पॅडच्या मागचा लोखंडी पत्रा थेट डिस्कवर घासत होता आणि डिस्कवर नांगर फिरवल्यासारख्या रेघा पडल्या होत्या. गंमत अशी की त्याच चाकाचा बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या जाम झाल्या होत्या, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. बाहेरून कोणी बघितलं असतं तरी ‘ब्रेक ठीक आहे’ असंच म्हटलं असतं.

मग काकांनी विचारलं, “मध्ये ब्रेक ऑइल टाकलं होतं का?” टाकलं होतं. मे महिन्यात डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा अधूनमधून लागत होता. बाबांनी बॉनेट उघडलं, ऑइल कमी दिसलं, वरून भरलं. दिवा बंद, विषय बंद. पण पॅड जसजसा पातळ होतो तसतसा त्याला दाबणारा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागे ऑइल भरतं आणि वरच्या डबीतली पातळी खाली जाते. ऑइल कमी होणं म्हणजे एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर पॅड झिजले आहेत. गाडी आम्हाला सांगत होती. आम्ही तिचं तोंड बंद केलं.

मी सेन्सर बसवायचा ठरवलं

डिस्क, पॅड सगळं बदलून झालं, बिल भरून झालं. पण माझ्या डोक्यातून घाटातला तो आवाज जाईना. बाबा महिन्यातून एकदा तरी तो घाट चढतात-उतरतात. मग मी वाचायला लागले आणि कळलं की महागड्या गाड्यांमध्ये पॅड झिजल्याचं सांगणारा सेन्सर असतो. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी आहे. पॅडच्या आत, ठरावीक खोलीवर एक वायर बसवलेली असते. पॅड तिथपर्यंत झिजला की वायर उघडी पडते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पॅडमध्ये एकच वायर असते. ती उघडी पडून डिस्कला टेकली की डिस्कमधून बॉडीला अर्थ मिळतो, सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात वायरचा एक वेढा असतो, त्यातून सतत थोडा करंट जात असतो. पॅड झिजला की वेढा तुटतो आणि तुटला म्हणून दिवा लागतो. आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. फार तर पॅडला पत्र्याची एक जीभ असते, ती डिस्कला घासून कर्कश आवाज करते. म्हणजे गाडी ओरडते. तिचं ओरडणं ओळखू आलं तर ठीक, नाहीतर आमच्यासारखं गाणं लावायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा मामेभाऊ कामाला लागलो. दादानं मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. सुट्या भागांच्या दुकानदारानं आमच्या गाडीत बसणारे, एका वायरवाल्या सेन्सरचे पॅड मागवून दिले. बाबांची कुरकुर सुरूच होती, “चांगले पॅड काढून पुन्हा पॅडच घालताय?” काढलेले पॅड कागदात गुंडाळून, कुठला कुठल्या बाजूचा ते लिहून ठेवू, पुढे वापरता येतील, असं म्हणून त्यांना गप्प केलं.

पडवीतल्या सपाट फरशीवर गाडी घेतली. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट चाक जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग जॅक लावला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे दादानं तीनदा सांगितलं. गॅरेजमधून स्टँड मागून आणले होते, गाडी त्यावर टेकवली. ब्रेकची काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. कॅलिपर तारेनं टांगायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन हळूहळू आत ढकलायचा. मग नवे पॅड. सेन्सरची वायर ब्रेकच्या नळीच्या सोबतीनं वर न्यायची, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना ते बघायचं, प्लॅस्टिकच्या टायनं बांधायची आणि रबरी बूच असलेल्या भोकातून आत केबिनमध्ये घ्यायची. चावी फिरवल्यावरच करंट येईल अशा ठिकाणाहून फ्यूज लावून सप्लाय घेतला, डॅशबोर्डखाली बारा व्होल्टचा छोटा दिवा बसवला. पॅड घालण्याआधी वायरचं टोक बॉडीला टेकवून बघितलं. दिवा लागला! आम्ही दोघं टाळ्या देत नाचलो.

चाकं चढवली, नट समोरासमोरचे असे क्रमानं आवळले, गाडी खाली घेतली. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी फिरवली. नवा दिवा बंद, म्हणजे सगळं उत्तम. गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला आणि फाटकाकडे निघाले. पडवी संपली की आमच्याकडे उतार आहे. फाटकाबाहेरच्या बोळात शेजारची पोरं सायकली फिरवत होती. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय सरळ फरशीला टेकला. ब्रेक नव्हताच.

पुढचे दोन सेकंद मला नीट आठवत नाहीत. दादा ओरडला, “हँडब्रेक!” आणि मी तो दोन्ही हातांनी खेचला. हँडब्रेक मागच्या चाकांना वेगळ्या केबलनं लागतो म्हणून वाचलो. गाडी फाटकापासून हातभर अंतरावर थांबली. बाबा पडवीत उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी गॅरेजवाल्या काकांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पेडल पंप केलं होतं का?” नव्हतं केलं. पिस्टन आत ढकलला की पॅड आणि डिस्क यांच्यात मोकळी जागा राहते. पॅड बदलल्यावर गाडी जागेवर उभी असतानाच पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते कडक होईपर्यंत पिस्टन परत पॅडला भिडवावा लागतो. शेंबड्या शिकाऊ पोरालाही गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, असं ते म्हणाले. डिप्लोमावाला दादा खाली मान घालून उभा होता.

बंद दिव्याचा अर्थ

या लेखात मला सांगायचं आहे ते इथंच आहे. त्या क्षणी माझा सेन्सर शंभर टक्के बरोबर होता. पॅड नवे कोरे होते, त्यामुळे दिवा बंद होता. तो खोटं बोलत नव्हता. मीच त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून घेतलं. ‘पॅड झिजला नाही’ हे मी ‘ब्रेक लागेल’ असं वाचलं.

आणि खरं सांगायचं तर तो दिवा यापेक्षाही कमी सांगतो. आमच्या एका वायरवाल्या सेन्सरमध्ये वायर उंदरानं कुरतडली किंवा दगड लागून तुटली, तर दिवा कधीच लागणार नाही. पॅड संपला तरी नाही. तुटली की दिवा लागतो तो वेढ्याचा प्रकार या बाबतीत जास्त प्रामाणिक. शिवाय सेन्सर असलेल्या कित्येक गाड्यांमध्येही तो प्रत्येक चाकाला नसतो, पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या एकाच चाकाला असतो. आमच्यासारखी दुसऱ्याच चाकाची पिन जाम झाली तर? मागे ड्रम ब्रेक असतील तर तिथली गोष्टच वेगळी. जुनं पाणी धरलेलं ब्रेक ऑइल घाटात तापून उकळलं तर? दिवा गप्पच.

मग सेन्सर बसवू नका असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. बसवा. दोन वायर आणि एक दिवा एवढ्या साध्या गोष्टीला महागड्या गाडीचं कौतुक का असावं, हा माझा राग अजून आहे. माझं म्हणणं एवढंच की सेन्सर हा दुसरा पहारेकरी आहे. पहिला पहारेकरी तुमचे डोळे. दुसरा आला म्हणून पहिल्याला झोपायला पाठवायचं नाही.

काही जण म्हणतील, ब्रेकचं काम घरी करायचंच कशाला? गॅरेज कशासाठी आहे? मुद्दा बरोबर आहे, आणि तो सिद्ध करायला माझ्या घरचं फाटक पुरेसं आहे. ब्रेकचं काम एकट्यानं, नुसता व्हिडिओ बघून करू नये. ऑइलची लाइन उघडू नये. वायर घालायला साध्या पॅडला भोक पाडू नये, पॅड तडकू शकतो. जाणकार माणूस शेजारी उभा हवा, आणि ‘जाणकार’ म्हणजे ज्यानं हे काम शंभरदा केलंय तो, ज्यानं त्याची परीक्षा दिलीय तो नव्हे. पण ‘आपलं काम नाही’ म्हणून आपण चाकाच्या आत कधी डोकावतच नाही, तेही तितकंच धोक्याचं आहे. आमचा पॅड घाटात संपला तो कोणी घरी काम केलं म्हणून नाही. वर्षानुवर्षं कोणी बघितलं नाही म्हणून.

बघायला फार काही लागत नाही. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा उरला, की बदलायची वेळ झाली. टायर पंक्चर होऊन चाक निघालं असेल तर दोन मिनिटं वाकून बघा, आतला पॅडही बघा. सर्व्हिसिंगला दिली असेल तर जुने पॅड दाखवा म्हणा. ब्रेक ऑइल कमी झालं असेल तर भरण्याआधी ‘का कमी झालं’ हे विचारा. सेन्सर असेल तर दर सर्व्हिसिंगला तो दिवा अजून लागतो ना, हे तपासून घ्या.

आणि गाडी नाही, बाईक आहे म्हणून सुटलात असं समजू नका. आपल्यातले बहुतेक जण कॉलेजला दुचाकीवरच येतो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या फटीतून पॅड दिसतो. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली तर तो संपत आलाय. मागे ड्रम असेल तर बऱ्याच गाड्यांना ब्रेकच्या लिव्हरपाशी छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला की शू बदलायचे. हे बघायला पार्किंगमध्ये अर्धा मिनिट लागतो. वेग दुप्पट केला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे आपण अकरावीत सोडवलेलं गणित आहे. मार्क घेतले आणि विसरलो. ती चौपट ऊर्जा जिरवायचं काम शेवटी त्या काही मिलिमीटरच्या थराकडेच असतं.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक दिवस, फक्त एक दिवस, चाक काढून हे दाखवलं तर? लायसन्सच्या परीक्षेत हाताच्या खुणांसोबत ‘हा पॅड चालेल का’ असा एक प्रश्न हातात पॅड देऊन विचारला तर? गाडी पळवायला आपण सगळेच पैसे देऊन शिकतो. ती थांबते कशी, हेही त्याच फीमध्ये शिकवायला हवं.

आमचा दिवा अजून डॅशबोर्डखाली आहे आणि अजून गप्प आहे. गेल्या महिन्यात पाटणला निघायच्या आधी बाबांनी गाडी सुरू केली आणि जागेवरच ब्रेक दोनदा दाबून बघितला. मग खाली उतरून मोबाइलच्या उजेडात चाकाच्या आत वाकून बघितलं. मी काही बोलले नाही. घाट उतरताना गाणं लावलं होतं, पण आवाज कमी ठेवला होता.