ओट्याखालची चप्पल

पलंगावरून पाय खाली टाकला आणि टाचेत दाभण खुपसावं तशी कळ गेली. भिंत धरून दहा-बारा पावलं टाकली, दुखणं ओसरलं, आणि मी कामाला लागले. असं चार महिने चाललं. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, घरी आलं की ओट्याशी उभं राहायचं. पाय दुखणारच, असं मी धरून चालले होते.

मग एक्स-रे काढला. ‘टाचेचं हाड वाढलंय’ एवढंच ऐकून मी हादरले. वाढलेलं हाड कापल्याशिवाय जाणार कसं? खरं तर असं हाड काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या टाचेत दिसतं. दुखतो तो तळव्याचा पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला, पावलाची कमान तोलून धरणारा. प्लान्टर फॅसिआयटिस म्हणतात ते हेच. झोपेत पाऊल पुढे झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. दुखणं जुनं झालं की सुजेपेक्षा पट्ट्याच्या तंतूंची झीजच जास्त असते. त्यामुळे गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आरामही काही आठवड्यांचा, आणि त्याने पट्टा तुटण्याचा धोका असतो. मी ते घेतलं नाही.

सासूबाईंनी वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, ‘टेक टाच.’ शेकाने फार बरं वाटायचं. (मधुमेहाने पाय बधिर झाले असतील त्यांनी मात्र हा शेक घेऊ नये, भाजलेलं कळत नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.) पण सकाळची कळ काही हटेना.

ती हटवली फिजिओथेरपीच्या ताईंनी. जमिनीवर पाय ठेवण्याआधीच दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यायचं, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की पट्टा तारेसारखा ताठ लागतो. तो तसा लागला तरच ताण नीट बसलाय. शिवाय एक दिवसाआड पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१५मध्ये हा व्यायाम आणि नुसतं ताणणं यांची तुलना केली. तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांना जास्त आराम होता, वर्षाअखेरी दोन्ही गट सारखेच. वर्षभराचा हिशोब ऐकून मला आधी रडू आलं, मग धीर आला. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, फक्त वेळ घेतं. दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर मात्र संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावंच.

ताईंची शेवटची सूचना सगळ्यांत अवघड होती: कडक फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही. म्हणजे स्वयंपाकघरात चप्पल! आमच्याकडे देव्हारा तिथेच. मी मऊ रबराची एमसीआर चप्पल आणली. कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांना जखमा होऊ नयेत म्हणून हे रबर वर्षानुवर्षं वापरात आहे. आठवडाभर ती पिशवीतच राहिली. शेवटी धीर करून सासूबाईंना सांगितलं, ‘आई, ही नवी आहे, बाहेर घालणार नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. देव्हाऱ्यापुढे आल्यावर काढायची आणि पोळ्या लाटताना घालायची, असा नेम मीच केला.

व्यायामाच्या पाचव्या महिन्यात एका सकाळी मी पलंगावरून उतरून थेट दाराशी गेले, दूध घेतलं आणि परत आल्यावर ध्यानात आलं, कळ आलीच नव्हती.

सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मग कळलं, ती वीट त्यांची स्वतःचीच होती. तीस वर्षं माळ्यावर ठेवलेली, कुणाला न सांगता तिच्यावर त्या टाच शेकायच्या. थोड्या वेळाने त्यांनी ओट्याखाली पाहिलं आणि विचारलं, ‘माझ्या मापाची मिळेल का गं ही?’