संताच्या हाती राजदंड

पनवेलहून निघणाऱ्या महामार्गाने सुट्टीत गोव्याकडे जाणारी नवीन पनवेलची कुटुंबे जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये बहुधा थांबतातच. उंचावरची चांदीची पेटी पाहायची, फ्रान्सिस झेवियर यांचा देह तिच्यात आहे हे ऐकायचे आणि गाडी किनाऱ्याकडे वळवायची, असा परिपाठ. या पेटीचा छत्रपती संभाजी महाराजांशी काय संबंध, हा प्रश्न मुलांना पडत नाही आणि वडीलधारेही तो उपस्थित करीत नाहीत.

नोव्हेंबर १६८३. फोंड्याचा किल्ला घेण्यास निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरला येसाजी कंकांनी दाद दिली नव्हती. शंभूराजे स्वतः चालून येताच त्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी राजधानीच्या तोंडाशी असलेले जुवे बेट एका रात्रीत घेतले आणि ते सोडवायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा निसटला. गोवे आता जाणार, हे त्याला दिसू लागले. त्याने झेवियर यांची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड त्या मृत संताच्या स्वाधीन केला. राज्य यापुढे तुमचे, तुम्हीच ते राखा, हा त्याचा अर्थ.

ही केवळ भेदरलेल्या माणसाची प्रार्थना नव्हती. तिच्यामागे ख्रिस्ती युरोपची जुनी राजनीती होती. फ्रान्सच्या नवव्या लुईने १२३९ मध्ये येशूचा मानला जाणारा काटेरी मुकुट कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राटाकडून मिळविला. त्यासाठी मोजलेली रक्कम, तो ठेवण्यासाठी राजवाड्यातच उभारलेल्या सेंत शापेलच्या खर्चाहूनही मोठी होती. तो मुकुट ज्याच्या वाड्यात, तो ख्रिस्ती राजांमधला अग्रणी, असा हा हिशेब. जर्मन सम्राटांच्या राजचिन्हांतही एक पवित्र भाला असे. तो आज व्हिएन्नात आहे. सत्तेला पावित्र्याचे अधिष्ठान लागते, हे आपल्यालाही परके नाही. शिवछत्रपतींचा अभिषेक पवित्र नद्यांच्या जलानेच झाला. परंतु रायगडावर त्या अभिषेकाआधी स्वराज्य उभे राहिले होते. गोव्यात सत्ता कोसळू लागली आणि मग अस्थींना हाक गेली.

गोवे वाचले, पण कशामुळे? शहाजादा शहा आलमची मोगल फौज घाट उतरून कोकणात आली आणि १६८४ च्या आरंभी शंभूराजांना तिकडे वळावे लागले. श्रेय मात्र संताच्या नावे जमा झाले. पुढे नवा गव्हर्नर सूत्रे घेताना याच समाधीपाशी दंड स्वीकारू लागला. ‘गोंयचो सायब’ या प्रेमाच्या नावात म्हणूनच भक्तीइतकीच राजसत्ताही आहे. याच झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले होते, हेही कोणी विसरू नये. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले.

२०२४ च्या दर्शनसोहळ्यापूर्वी या अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी मागणी झाली आणि गोव्यात निदर्शने पेटली. अस्थी कोणाच्या, हा प्रश्न आमच्या मते दुय्यम आहे. त्या झेवियर यांच्याच निघाल्या, तर इतिहासातले एक अक्षर तरी बदलेल काय? आणि त्या पेटीपुढे हात जोडणाऱ्या गोवेकराला, मग तो ख्रिस्ती असो वा हिंदू, दुखवून काय साधणार? त्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहो. विचारायचे ते इतकेच, की १६८३ च्या त्या रात्रीची हकिगत पर्यटकांना का सांगितली जात नाही.

पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी गेली, पेटी तेथेच राहिली. तिच्यापासून जुवे बेट दूर नाही आणि फोंड्यालाही त्याच सहलीत जाता येते. येसाजींचा पुत्र कृष्णाजी त्याच झुंजीत घायाळ झाला आणि त्या जखमांनीच गेला. मुलांना एकदा तिकडेही न्यावे.