पाठीवर बिऱ्हाड, पाठीशी गाव

आमचे एक निवृत्त शिक्षक स्नेही गेल्या पावसाळ्यात सहकुटुंब पुण्याहून तुळजापूरला निघाले होते. भाड्याने घेतलेल्या त्यांच्या गाडीत झोपण्याच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी असा सारा संसार होता. वाटेत कुणाच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये, हाच हे चाकांवरचे घर घेण्यामागचा हेतू. टेंभुर्णी सोडून ते बार्शीच्या रस्त्याला लागले आणि कुर्डुवाडीत ऐन तिन्हीसांजेला गाडी बंद पडली. लागणारा सुटा भाग सकाळी सोलापूरहून येईल, असे गॅरेजवाल्याने सांगितले. टाकी रिकामी, दिवे बंद आणि बाहेर पाऊस.

समोरच्या घरातील माणसांनी काही न विचारता आपल्या घरातून विजेची तार ओढून दिली, घागरींनी टाकी भरली आणि रात्री ज्वारीच्या भाकरी, पिठले व शेंगदाण्याची चटणी पाठविली. सकाळी गॅरेजवाल्याने कामाचे तेवढे पैसे घेतले. घरमालकांपुढे पैसे धरताच ते म्हणाले, "पाण्याचे पैसे कुणी घेतं का, गुरुजी?"

कुर्डुवाडीस ही रीत नवी नाही. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत अरुंद मापाची 'बार्शी लाइट' रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. मोठ्या रेल्वेने आलेल्या पंढरीच्या यात्रेकरूस येथे उतरून लहान गाडीची वाट पाहावी लागे. गाठोडे उशाला घेऊन फलाटावर रात्र काढणारा परका माणूस हे या गावाचे नित्याचे दृश्य होते. या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने ते मार्ग रुंद झाले आणि ती सक्तीची वस्ती संपली. वेग वाढला, हे चांगलेच झाले. गावाची सवय मात्र मोडली नाही, असे या प्रसंगावरून म्हणता येईल.

तथापि अशी हकिकत ऐकून 'माणुसकी अजून शिल्लक आहे' असा समाधानाचा निःश्वास टाकणे फार सोपे आहे. आमचे स्नेही शिक्षक होते, नीटनेटक्या कपड्यांत होते आणि त्यांची गाडी पाहण्यास मुले जमावीत अशी होती. असा पाहुणा कुणालाही आवडतो. चाकांवर बिऱ्हाड घेऊन आपल्या दारावरून जाणारे दुसरेही लोक आहेत. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे येऊ लागतात. भांडी, पांघरुणे, तान्ही मुले, क्वचित कोंबड्याही त्याच गाडीत. एखाद्या माळावर कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे काही महिने तेच त्यांचे घर. त्यांनी घागर घेऊन दार वाजविले, तर तेच उत्तर मिळते काय?

परक्याविषयीचा संशय कोठवर जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्यांतील बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. तेही प्रवासीच होते आणि पोटासाठी गावोगाव हिंडत होते. त्यांना 'पाहुणे, कोठून आलात?' एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला गेला असता, तर पाच घरे उघडी पडली नसती.

शासनाने २०२१ मध्ये फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी, म्हणजे कॅरॅव्हॅनसाठी धोरण आखले. त्यांच्या मुक्कामाच्या जागी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असावीत, असा विचार त्यात आहे. तो योग्यच होय. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आली. परंतु जी मुले आईबापांबरोबर फडावर येतात, त्यांच्या कोपीजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ, एक दिवा आणि आडोसा असावा, ही मागणी काही मोठी नाही. हौसेने घर बरोबर घेणाऱ्याची सोय जर धोरणात बसते, तर पोटासाठी घर बरोबर नेणाऱ्याची तीच सोय कारखान्याच्या, ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या कर्तव्यात बसली पाहिजे.

यातील काही भाग मात्र कोणत्याही कचेरीवर ढकलता येणार नाही. शिक्षकाने फडावरच्या मुलाला हंगामापुरते वर्गात बसवून घ्यावे. कारकुनाने रहिवासाच्या दाखल्यावाचून अडलेल्या माणसास खिडकीवरून परत धाडण्याऐवजी दुसरी वाट दाखवावी. विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवर आलेली अफवा पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या रात्री कुर्डुवाडीत ज्या हातांनी तार ओढून दिली, त्यांनी याहून अवघड असे काही केले नव्हते. येत्या हंगामात गाड्या पुन्हा त्याच रस्त्याने येतील. त्यांच्या घागरीही रिकाम्याच असतील.