शाबासकी नको, विचारपूस करा

मैत्रिणींनो, 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलगाड्यांत 7 बॉम्बस्फोट झाले. 180 हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी लोकल धावल्या आणि जो तो ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक करू लागला. पण खरं सांगू? हातावर पोट असलेली बाई घरी बसून खाणार काय? खाडा झाला की पैसे कापतात. तिच्या नाइलाजाला धैर्य म्हणून आपण मोकळे होतो. तिला रात्री झोप लागते का, जखमी नवऱ्याच्या औषधपाण्याचं काय, हे विचारायचं राहूनच जातं. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे 19 वर्षांनीही न्यायाची वाट पाहणं होतंच. नुसत्या शाबासकीने जखमा भरत नाहीत, बायांनो. आधी तिच्याजवळ बसा, तिचं ऐकून घ्या.