सहल सगळ्यांची हवी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. यंदाही पालकसभेत विषय निघाला. काही पालकांनी मनाली सुचवली, काहींनी मसुरी. मुलांना एकदा बर्फ दिसावा ही त्यांची इच्छा आम्ही समजू शकतो. तरीही शाळेची सहल म्हणून आम्ही नाशिकचा आग्रह का धरत आहोत, ते येथे मांडणे आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न खर्चाचा. हिमालयाची सहल म्हणजे वापीहून गाडी, मग घाटातली बस, थंडीचे कपडे आणि जाण्यायेण्यातच चार दिवस. आपल्या शाळेत दुकानदारांची, नोकरदारांची मुले आहेत, तशीच कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांचीही आहेत. महाग सहल जाहीर झाली की काही मुले संमतीपत्र आणतच नाहीत. विचारले तर "पोट दुखते", "गावी जायचे आहे" असे काहीतरी सांगतात. खरे कारण वर्गशिक्षकांना ठाऊक असते आणि वर्गातल्या मुलांनाही. बस गेल्यावर मागे राहिलेली मुले ते तीन-चार दिवस कसे काढतात, याचा विचार आपण सर्वांनी करावा. ज्या सहलीला अर्धा वर्ग येऊ शकत नाही, ती काही घरांची सहल झाली. तिला शाळेची सहल कशी म्हणावी?

"नाशिक तर आपले नेहमीचेच, तिथे काय नवीन?" असा आक्षेप आला. अनेक घरांचे नातेवाईक नाशिकला आहेत, हे खरे. पण लग्नाला जाणे आणि शहर पाहणे यांत फरक आहे. आमची कल्पना अशी की सहल आपल्या दमणगंगेच्या उलट दिशेने चढत जावी. मुले मधुबन धरण पाहतात, दुधनीला जातात. पण ही नदी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात उगम पावते हे किती जणांना माहीत आहे? खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या रस्त्याने गेलो तर वाटेत वाघ नदीचे खोरे लागते. तीही पुढे दमणगंगेलाच मिळते. जव्हारला मुकणे राजांचा राजवाडा आहे. पुढे त्र्यंबकला ब्रह्मगिरी. तिथे उगम पावणारी गोदावरी पूर्वेला वळते आणि 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. आपली दमणगंगा मात्र दमणला अरबी समुद्रात जाते. एकाच डोंगररांगेतल्या दोन नद्या दोन समुद्रांना का जातात, हे नकाशावर शिकवायला आम्हाला एक तास लागतो आणि तरी ते विसरले जाते. तिथे उभे राहून पाहिलेले विसरणार नाही. आपल्याकडे इतका पाऊस आणि डोंगरापलीकडे नाशिकला एवढा कमी का, हेही तिथेच समजेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर आपल्या मुलांसाठी खास गोष्ट आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. लोकांना नद्या विनामूल्य ओलांडता याव्यात म्हणून त्याने नावांची सोय केली, असे त्यात कोरले आहे. त्या नद्यांच्या यादीत तापी आहे, पारदा आहे आणि दमणाही आहे. ही दमणा म्हणजेच आपली दमणगंगा. सिल्वासाच्या मुलाने आपल्या नदीचे नाव त्या भिंतीवर पाहावे, यापेक्षा मोठा इतिहासाचा धडा कोणता? लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे फाळके 1870 मध्ये त्र्यंबकला जन्मले. शहरात कुसुमाग्रज स्मारक आहे. त्यांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, आपण दरवर्षी मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. घरी मराठी, बाजारात गुजराती, वर्गाबाहेर हिंदी अशा वातावरणात वाढणाऱ्या आपल्या मुलांना त्या भाषेचे एक घर दिसले पाहिजे.

सुरक्षेबाबत आम्ही कोणतीही तडजोड करणार नाही. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. म्हणून आमच्या सहलीत बोटिंग नाही आणि नदीपात्रात उतरणे नाही. घाटाचा प्रवास फक्त दिवसाउजेडी होईल. बसमध्ये आसनांपेक्षा एकही मूल जास्त बसणार नाही. सिंहस्थाच्या पर्वकाळात नाशिकला अफाट गर्दी असते, तो काळ टाळूनच तारीख ठरेल.

कार्यक्रम तीन दिवस, दोन रात्रींचा असावा. पहिल्या दिवशीचा डबा घरचाच, दशम्या आणि चटणीचा. वर्गणी सर्वांना सारखी. ती एकदम न घेता दरमहा थोडी थोडी घ्यावी, असा आमचा प्रस्ताव आहे. ज्या पालकांना शक्य आहे त्यांनी आणखी एका मुलाची वर्गणी कार्यालयात जमा करावी. कोणी कोणासाठी दिली, हे कुणालाही कळणार नाही, त्या मुलालाही नाही.

हिमालय पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी मे महिन्यात कुटुंबासह अवश्य जावे. बर्फ कुटुंबासोबतही पाहता येतो. सगळ्या वर्गाने एका बसमध्ये बसून जाणे मात्र फक्त शाळेतच घडते.

पालकांनी आपले मत येत्या पंधरवड्यात वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावे, ही विनंती. मत देताना आपल्या पाल्याबरोबरच त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाचाही विचार करावा.